मदत हवी आहे: काखेतले सगळे नोड (लसिकाग्रंथी) काढायचे की नाही?

वहिनीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, फक्त गाठ आणि निळा डाय टाकून काखेतले तीन नोड काढले (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट, घरात नुसती धावपळ, डायमुळे होतं म्हणे). एका नोडमध्ये कॅन्सर निघालाय तरी सर्जन म्हणतात बाकीचे काढायची गरज नाही, रेडिएशन आणि औषधं पुरेत. अमेरिकेतल्या झेड ००११ ट्रायलमध्ये पण अशाच पेशंटमध्ये १० वर्षांनी ८६.३ टक्के जिवंत होत्या, सगळे नोड काढलेल्यांत ८३.६, म्हणजे फायदा काहीच नाही, पण आई म्हणते अर्धवट ठेवू नका! कुणाच्या घरी असं होऊन सात-आठ वर्षं झालीत का, हात सुजतो का, त्या हाताला बीपी, सुई अजून टाळता का? आणि सेकंड ओपिनियनला स्लाइड्स (काढलेल्या गाठीच्या तपासणीच्या काचा) पण न्यायच्या की नुसता रिपोर्ट चालतो?