नाताळच्या घरी केलेल्या भेटी: तुमचे अनुभव लिहा

परवा पतंगी कागद आणायला गेले आणि आमच्या दादांची चांदणी आठवली. दादा जालन्यात रोजंदारीवर होते, विकतच्या भेटवस्तू परवडायच्या नाहीत. डिसेंबर लागला की कामट्या तासायला बसायचे. पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी, दोन्हींची टोकं दोऱ्यानं घट्ट बांधायची आणि मधे पाच ठिकाणी बोटभर काड्या आडव्या अडकवायच्या, म्हणजे पोट छान फुगतं. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं कागद खातात. दिवाळीत ज्यांच्या घरून फराळाचं ताट आलं, त्यांच्या दारी नाताळात आमची चांदणी जायची. दादांनी दिलेली ती भेट मला आजही सगळ्यात श्रीमंत वाटते. तुमच्याकडं काय करायचे?

परभणीकर
उशी!! स्वतःच्या रानातला कापूस. रात्री जेवणं झाली की सगळे बसून हातानं सरकी काढायचो. खोळ आईच्या जुन्या लुगड्याची. आजी नवी उशी घेऊन पहिल्यांदा झोपली तेव्हा म्हणाली, "आता रान माझ्या डोक्याखाली आलं." यंदा कापसाला काय भाव चाललाय तिकडं?

माहेर_उदगीर
भावावर बोलायला नको भाऊ, वेचणीची मजुरीच निघंना.
आमच्याकडं दुपटी. महिला मंडळातल्या बायका दुपारी मिळून शिवायच्या, ज्या घरात नवीन बाळ त्या घरी द्यायच्या. धावदोरा कडेकडेनं घालत आत जायचं, मधून सुरू केलं की झोळ पडतो. मऊ धोतर आतून, बाहेरून रंगीत लुगडं. माझं दुपटं माझ्या लेकीनंही वापरलं.

सुनंदा_ताई
जालना म्हणजे बेथेलकडच्या का तुम्ही?

धागाकर्ती
आजोळ बेथेलचं ताई! रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं ख्रिस्ती लोकांचं गाव, तेच. आम्ही मात्र गावातले.

सुनंदा_ताई
अगं मग आपली ओळख निघंल. मेसेज कर.

लातूरचा_दीपक
२०१५ चा नाताळ. पुढं एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो दुष्काळ. हाताला काम नव्हतं. युवक संघात ठरलं, विकत काही आणायचं नाही, ज्याला जे येतं ते द्यायचं. एकानं म्हाताऱ्या माणसांच्या घरचं पाणी महिनाभर भरलं. मी सायकली दुरुस्त करून दिल्या. कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणत घरोघरी गेलो तेव्हा एका आजींनी जवसाची चटणी पुडीत बांधून दिली, त्यांच्याकडं तेवढंच होतं. तशी भेट पुन्हा मिळाली नाही.

गल्लीतली_मैत्रीण
मी ख्रिस्ती नाही, पण वर्गातली मैत्रीण कुलकुल, म्हणजे नाताळचा गोड खाऊ, आणायची. तिची आई नव्या कंगव्यावर गोळी दाबून वळायची, रेघा इतक्या सुबक! वहीच्या कागदाचा डबा, वर माझं नाव. मी संक्रांतीला तिळगूळ द्यायचे. स्वयंपाक उरकायचाय, नंतर लिहिते.

परभणीकर
आणि नानकटाई? पत्र्याचे डबे घेऊन बेकरीत रांग लागायची ना? घरनं मैदा, तूप, साखर कालवून न्यायचं, भाजायची मजुरी तेवढी द्यायची.

माहेर_उदगीर
तूप कुठलं, डालडा! वेलदोडा तेवढा हवाच.

लातूरचा_दीपक
आता कुठली बेकरी भाजून देते का? पोरांना दाखवायचंय.

सुनंदा_ताई
जुन्या भट्टीवाल्यांना विचार, सकाळचे पाव निघाले की दुपारी जा. भट्टी तेव्हा मंद असते, नानकटाईला तीच आच लागते. डब्यावर नाव घालायला विसरू नको.