मराठी वाचता येत नसेल तर लायसन्स नाही?

खडखडाट: काल इथे एकाने लिहिलं, "ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला महाराष्ट्रात लायसन्सच देऊ नका, अपघात आपोआप कमी होतील." त्यावर लाइकचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

लर्निंगला १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. बरेचसे चिन्हांचे. लाल गोलात पांढरी आडवी पट्टी, हे कुठल्या भाषेत आहे? नियम देशभर एकच, १९८९चे. पाटण्याचं लायसन्स असलेला आजही घोडबंदरला ट्रक चालवतोच आहे. त्याला बाजूला घेऊन बाराखडी म्हणायला लावणार? रिक्षा परवान्यासाठी मराठीची अट घालणारं २०१६चं परिपत्रक हायकोर्टाने मार्च २०१७ मध्ये रद्द केलं. तरी दरवर्षी तेच दळण.

मीटरडाऊन: साहेब, सोयीस्कर खिचडी केलीत. लर्निंग वेगळं, बॅज म्हणजे भाड्याची रिक्षा-टॅक्सी चालवायचा बिल्ला वेगळा. स्वतःची स्कूटर चालवणाऱ्याला कोण विचारतंय? मी डोंबिवलीत रिक्षा चालवतो. पॅसेंजर म्हातारी असेल, घाबरलेली असेल, तिचं बोलणं कळायला नको? माझ्या आईला रात्री दम लागला, मी लांबच्या भाड्यावर. तिने दुसरी रिक्षा केली, तो पोरगा तिला भलत्याच हॉस्पिटलच्या दारात सोडून गेला. चिन्हं पाठ होती त्याची!

खडखडाट: आईंबद्दल वाईट वाटलं. पण मराठी बोलणारे "तिकडे नाही जाणार" म्हणून रोज हाकलतात, त्याचं काय? नकार शुद्ध मराठीत मिळाला की गोड लागतो का?

मीटरडाऊन: आलात शेवटी रिक्षावाल्यांवर. सीएनजीच्या रांगेत एकदा उभे राहा, मग बोला.

सांगलीकर_काकू: भाषेवर भांडताय, पण परीक्षा देतंय कोण? २०२१ पासून आधार असलं की लर्निंग घरबसल्या. आमच्या शेजारच्या पोराचं त्याच्या ताईने दिलं, तो आत जेवत होता. एजंट तर म्हणाला, "मुलाला उठवू पण नका, ओटीपी तेवढा सांगा." मराठीत घ्या नाहीतर संस्कृतात घ्या.

आठ_काढला: काकू, एजंटला शिव्या घालणं सोपं आहे. आरटीओत फॉर्मची चूक कोण दाखवतं? खिडकीवरचा माणूस मान वर करत नाही. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं, ट्रकवर आयुष्य गेलं. मधे ट्रक-टॅक्सीवाल्यांना आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली, बरं झालं. एजंट नसता तर आमची चूल पेटली नसती.

सांगलीकर_काकू: म्हणजे ज्याला चिन्हं माहीत नाहीत त्याने माझ्या नातवाच्या शाळेसमोरून ट्रक न्यावा, आणि आम्ही तुमच्या चुलीकडे बघून गप्प बसावं?

आठ_काढला: वडिलांना चिन्हं येत होती. अक्षरं येत नव्हती. नीट वाचा.

लेस्टरचा_पाहुणा: ब्रिटनमध्ये पूर्वी लायसन्सची थिअरी परीक्षा १९ परभाषांत ऐकता यायची. गुजराती, हिंदी, तमिळ होत्या, मराठी नव्हती. दुभाषाही नेता यायचा. एप्रिल २०१४ पासून फक्त इंग्रजी आणि वेल्श. काही दुभाषे कानात उत्तरंच सांगायचे, हेही एक कारण होतं. आम्ही मुकाट्याने इंग्रजीत दिली.

खडखडाट: वा! तिथे इंग्रजी शिकल्याशिवाय पोट भरत नाही म्हणून तुम्ही शिकलात. इथे तुमच्याच सोसायटीत वॉचमनशी हिंदी सुरू करतं कोण? आपणच ना?

मीटरडाऊन: हे मात्र खरं बोललात, पहिल्यांदाच. पॅसेंजर मराठी, मी मराठी, आणि स्टेशनपर्यंत "भैया, राइट लेना".

खडखडाट: बरं, तुमच्या समाधानासाठी: बॅजला तोंडी मराठी विचारा, पत्ता समजतो का एवढंच. लर्निंगला हात लावू नका.

सांगलीकर_काकू: आणि तोंडी घेणार कोण? त्याच ऑफिसात ना? थांबा, एजंटला रेट विचारून सांगते.

आठ_काढला: काकू, नंबर मलाही द्या. पोरीचं पक्कं राहिलंय.