काचेपेक्षा हेल्मेटमध्ये जास्त उपयोग
हेड-अप डिस्प्ले म्हणजे मान खाली न घालता, नजरेसमोरच माहिती दाखवणारी सोय. गाडीच्या काचेवर वेग आणि दिशेचे बाण दिसतात, याच्यापुढे हा डिस्प्ले करणार तरी काय, असं काहीजण विचारतात. माझ्या मते खरी मजा गाडीत नाहीच, पाण्याखाली आहे. अमेरिकी नौदलाने पाण्याखाली काम करणाऱ्या डायव्हरांच्या हेल्मेटमध्येच असा डिस्प्ले बसवून पाहिलाय. गढूळ पाण्यात स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, तिथे सोनारचं, म्हणजे ध्वनिलहरींनी टिपलेलं, चित्र थेट डोळ्यांसमोर येतं. वरून पाठवलेला मजकूर, आकृत्या तिथेच वाचता येतात. चाचपडत काम करणाऱ्याला ही चैन नव्हे. अग्निशामकांच्या मास्कमध्ये थर्मल (उष्णता टिपणाऱ्या) कॅमेऱ्याचं चित्र दाखवणं, हेही त्याच जातकुळीतलं. पोहण्याच्या गॉगलमध्ये वेळ आणि अंतर दाखवतात, ते मात्र हौसेचं काम. (हौसेला मोल नसतं, ते सोडा.)

आता 'नजर समोर राहते म्हणजे सुरक्षितच' म्हणणाऱ्यांसाठी. नासाच्या 1980 च्या अहवालातला सिम्युलेटरचा प्रयोग बघा. हेड-अप डिस्प्ले वापरून विमान उतरवणाऱ्या काही वैमानिकांना धावपट्टीवर आडवं आलेलं दुसरं विमान दिसलंच नाही. डोळे समोर, लक्ष आकड्यांत! म्हणून काचेवर मेसेज आणि गाण्यांची यादी दाखवायची टूम मला तरी पटत नाही.