दीक्षा घेतलेल्या घरात आजीचे टाक ठेवावेत का?

निळी वाट: नात्यातल्या एका लग्नावरून वाद पेटलाय. लग्न विहारात, भंतेजी, त्रिसरण-पंचशील, सगळं रीतसर. पण आदल्या रात्री दार लावून खंडोबाच्या टाकापुढे, म्हणजे देवाच्या धातूच्या पत्र्यापुढे, तळी भरली. मला हे अजिबात मान्य नाही. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. मधली २१ वर्षं त्यांनी उगाच घालवली नाहीत. त्यांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पहिल्या तिन्ही देव सोडण्याच्या आहेत. त्या मोठ्यानं म्हणायच्या आणि कपाटात टाक जपायचे? मग सोडलं काय?

भीमेकाठ: दीक्षा आजोबांनी घेतली. आजीला कुणी विचारलं होतं? आमच्याकडे पुरुषांनी देव गोळा करून नदीत सोडले. पुढं घरात पोर तापलं की आजी देवाचा कोप म्हणून थरथरायची. धर्म एका दिवसात बदलता येतो, भीती नाही. तिच्याजवळ बसून बोलायला कुणाला सवड नव्हती.

निळी वाट: सरसकट असं म्हणू नका. माझी आजी पांढरं लुगडं नेसून स्वतः नागपूरला गेली होती. बायकांना आजोबांनी ओढत नेलं, हे म्हणणं तिचा अपमान आहे.

दाखला: टाकाचं राहू द्या, कागदाचं बोला. १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळत नव्हत्या, त्या १९९० मध्ये मिळाल्या. तोवर कितीतरी घरांत बुद्धवंदना चालायची आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ असायचं. माझ्या वडिलांचाही तसाच आहे. त्यांना अर्धवट बौद्ध म्हणणार का?

निळी वाट: नाही. तो पोटाचा प्रश्न होता आणि अडवणूक सरकारची होती. टाक ठेवला म्हणून कुठली शिष्यवृत्ती मिळते? कागदावर आपला ताबा नव्हता, देव्हाऱ्यावर आहे. पुढच्या लग्नात तळी भरली तर मी जेवायला थांबणार नाही.

भीमेकाठ: नका थांबू, तुमचा हक्क आहे. पण का थांबत नाही ते टाक जपणाऱ्या त्या म्हातारीला स्वतः समोर बसून सांगा. सुनेकरवी निरोप नको.