अ‍ॅम वर्ल्ड्स की यूएस अमॅच्युअर? रेटिंग 921, पात्रतेसाठी नेमकं काय करायचं?

चेनवाला:
डिस्क गोल्फमध्ये (तबकडी फेकून चेन लावलेल्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) माझं पीडीजीए (या खेळाची संघटना) रेटिंग 921 आहे, सध्या एमए2 (हौशींचा मधला गट) मध्ये खेळतो. पुढच्या हंगामात एखादी मोठी हौशी स्पर्धा गाठायची आहे, अ‍ॅम वर्ल्ड्स (हौशींची जागतिक स्पर्धा) किंवा यूएस अमॅच्युअर डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप. एमए2 मध्येच राहून पॉइंट गोळा करावेत की आत्ताच त्यावरच्या एमए1 मध्ये उडी मारावी? रेटिंगमागे लागावं की पॉइंटमागे? आणि प्रवेश मिळालाच, तर उघड्या, चढउताराच्या आणि दोन्ही बाजूंनी ओबीची (आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेरची) दोरी लावलेल्या कोर्सची तयारी कशी करायची? बॅकहँड 105 मीटरपर्यंत जातो. पुटिंग (बास्केटजवळून शेवटची फेक) बरं आहे, पण उतारावर गडबडतं.

दोरीपलीकडे:
आधी पात्रता. आमंत्रणाचे निकष दरवर्षी नव्याने जाहीर होतात, त्यामुळे त्या वर्षीचं पत्रक वाचल्याशिवाय कॅलेंडर आखू नका. वाटा साधारण ठरलेल्या असतात. एक, पात्रता स्पर्धेत वरचा क्रमांक. दोन, आधीच्या काळात मिळवलेले पॉइंट. तीन, रेटिंग. नोंदणी टप्प्याटप्प्याने उघडते आणि पहिल्या टप्प्यात नाव नसलं म्हणजे दार बंद झालं असं नाही. जागा उरल्या की निकष खाली येतात, प्रतीक्षा यादीही सरकते. पीडीजीए सदस्यत्व चालू नसेल तर मात्र सगळंच अडतं. ते वर्षाच्या सुरुवातीलाच नूतन करा.

पॉइंटचं गणित असं: तुमच्या गटात तुम्ही जितक्यांना हरवता किंवा ज्यांच्याशी बरोबरी करता, तितके पॉइंट, आणि त्याला स्पर्धेच्या दर्जाचा व गटाचा गुणक. म्हणून आठ जणांच्या सी-टियरमध्ये (खालच्या दर्जाची स्पर्धा) पहिलं येण्यापेक्षा साठ जणांच्या ए-टियरमध्ये (वरच्या दर्जाची स्पर्धा) पंधरावं आलेलं जास्त फळतं. वरच्या गटाचा गुणकही मोठा असतो. माझं मत: 921 असेल तर एमए1. एमए2 ची मर्यादा 935 च्या खाली आहे, म्हणजे तुम्ही तसेही उंबरठ्यावरच आहात.

सपाट_फेक:
एमए1 बद्दल सहमत, पण रेटिंग इतक्या सहज बाजूला ठेवू नका. त्यात गेल्या बारा महिन्यांचे राउंड धरतात आणि त्यातल्या सर्वांत ताज्या 25 टक्के राउंडना दुप्पट वजन मिळतं. चोवीस राउंड असतील तर शेवटचे सहा दोनदा मोजले जातात. निकषाची तारीख जवळ येत असताना अनोळखी, विचित्र कोर्सवर किंवा आजारी अंगाने खेळायला जाणं म्हणूनच महागात पडतं. सरासरीपेक्षा 100 हून अधिक खाली गेलेला राउंड गळतो हे खरं. पण 60 ने खाली गेलेला बहुतेक वेळा गळत नाही, तो वर्षभर मानगुटीवर बसतो.

राउंड रेटिंग पारवर ठरत नाही. त्या दिवशी त्याच कोर्सवर खेळलेल्या, आधीच रेटिंग असलेल्या खेळाडूंच्या स्कोअरवरून ते काढतात. एक थ्रो ढोबळमानाने 10 गुणांचा धरा. लांब, अवघड कोर्सवर कमी, छोट्या सोप्या कोर्सवर जास्त. म्हणून छोट्या कोर्सवरची एक चुकलेली पुट रेटिंगला जास्त बोचते. जे सरळ आणि स्थिर खेळतात त्यांनी लांब कोर्स निवडावेत. एखादा वाकडा थ्रो तिथे निदान थोडक्यात निभावतो.

आणखी एक. हौशी दर्जा सांभाळा. प्रो गटात खेळून रोख बक्षीस घेतलंत की तुम्ही प्रो. रोख नाकारलंत तर हौशीच राहता.

दोरीपलीकडे:
हो, 60 चा मुद्दा बरोबर आहे. मग पात्रता स्पर्धा आधी गाठावी आणि पॉइंटसाठी मोठ्या गर्दीच्या स्पर्धा हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात उरकाव्यात.

उतारकर:
तिसऱ्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही, आणि तिथेच सगळा हंगाम वाहून जातो. यूएस अमॅच्युअर वर्षानुवर्षं मिशिगनमधल्या मिलफर्डजवळच्या केन्सिंग्टन मेट्रोपार्कात, टोबोगन कोर्सवर झाली. घसरगुंडीची टेकडी, झाडी कमी, वारा मोकाट. असे कोर्स ताकदीपेक्षा उंचीचा अंदाज तपासतात.

उतारावरून खाली मारताना डिस्क जास्त वेळ हवेत राहते, म्हणून शेवटचा फेड (वेग संपताना डिस्कचं बाजूला वळणं) नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. उजव्या हाताच्या बॅकहँडला ती डावीकडे सुटते ती थेट दोरीपार. इथे ड्रायव्हर (लांब पल्ल्याची डिस्क) पिशवीत ठेवा. मिडरेंज (मध्यम पल्ल्याची) किंवा पुटर (जवळच्या पल्ल्याची डिस्क) सपाट सोडला तरी अंतर मिळतं आणि वाट सरळ राहते. चढावर उलटं होतं. नजर वर जाते तसं डिस्कचं नाकही वर जातं, ती उभी राहते आणि धपकन मागे पडते. खांदे उताराला समांतर ठेवा, नाक खाली दाबा आणि पूर्ण ताकद लावू नका.

समोरचा वारा डिस्क उचलतो आणि उजवीकडे वळवतो, म्हणून तिथे ओव्हरस्टेबल (उजवीकडे सहज न वळणारी) डिस्क आणि थ्रो कमी उंचीवरून. पाठीमागचा वारा तीच डिस्क दाबतो, फेड लवकर येतो, म्हणून जरा हलकी, कमी स्टेबल डिस्क आणि थोडी उंची. ही गल्लत फार होते: पाठीमागे वारा दिसला की लोक खूश होऊन जास्त ताकद लावतात आणि डिस्क पंधरा मीटर आधीच जमिनीला लागते.

पुटिंगकडे येतो. उतारावरच्या बास्केटवर हायझर पुट (डिस्कची बाहेरची कड खाली झुकवून मारलेली) टाळा. चुकली की ती कडेवर पडते, कडेवरच चाकासारखी धावायला लागते आणि दोन मीटरच्या पुटची तुम्हाला वीस मीटरची अ‍ॅप्रोच होते. सपाट, जरा उंच आणि मऊ टाका, म्हणजे चेनला लागली नाही तरी पोटावर पडते. अ‍ॅप्रोचही शक्यतो बास्केटच्या खालच्या बाजूला सोडा. खालून वर मारलेली पुट चुकली तर समोर टेकडी असते, वरून खाली मारलेली चुकली तर समोर दरी.

बास्केटपासून 10 मीटरच्या आत मार्करच्या (डिस्क पडलेली जागा दाखवणाऱ्या खुणेच्या) पुढे पाऊल टाकण्याआधी मागे तोल सावरलेला दिसला पाहिजे. उतारावर तोच जातो. सरावात पुट सुटल्यावर दोन सेकंद तसंच थांबायची सवय लावा. पाय सरकत असेल तर एक गुडघा टेकून मारा, नियमात बसतं.

चेनवाला:
हे वाचून सरावाची यादीच बदलावी लागेल. ओबीबद्दल एक शंका. डिस्क दोरीला टेकलेली असेल तर? आणि ग्रुपमध्ये वाद झाला तर?

मिनी_मार्कर:
दोरी ही ओबीचाच भाग. पण डिस्क चहूबाजूंनी ओबीत असेल तरच ती ओबी. एखादी कड जरी आतल्या जमिनीवर असली तरी सुटलात. दंड एक थ्रो. पुढचा थ्रो मागच्या जागेवरून घ्या, ड्रॉप झोन (नेमून दिलेली जागा) असेल तर तिथून, किंवा डिस्क शेवटची जिथे आत होती तिथून. इथे घोळ होतो. डिस्क 90 मीटरवर पडली, पण 40 मीटरवरच दोरी ओलांडून परत आलीच नाही, तर तुमची जागा 40 मीटरवर. म्हणून दोरीच्या वरून वळण घेणारा थ्रो टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) देखणा दिसतो आणि स्कोअरकार्डावर भिकार. ती जागा मिळाल्यावर रेषेपासून 1 मीटरपर्यंत आत यायची मुभा आहे, त्यासाठी बास्केटच्या जवळ गेलं तरी चालतं. पाय ठेवायला जागा मिळावी म्हणून ती पूर्ण वापरा.

वादात ग्रुपचं बहुमत चालतं. बहुमत होत नसेल तर संशयाचा फायदा खेळाडूला. तरीही शंका उरली तर आधी सांगून प्रोव्हिजनल (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) थ्रो घ्या आणि अधिकाऱ्याकडे निकाल न्या. न सांगता घेतलेला थ्रो सराव थ्रो ठरू शकतो, त्याला एक थ्रो दंड.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मोठ्या स्पर्धेत दुखतात. जागेवर पोचल्यावर 30 सेकंद मिळतात, पहिल्यांदा ताकीद, मग एक थ्रो दंड. हरवलेल्या डिस्कचा शोध तीन मिनिटं. स्कोअरकार्डाची बेरीज चुकली तर दोन थ्रो. टीवर वेळेत नसलात तर चुकलेल्या होलला पार अधिक चार. प्रत्येक डिस्कवर स्वतःची वेगळी खूण हवी, आणि तडा गेलेली डिस्क आदल्या रात्रीच पिशवीतून काढा. मिनी मार्कर 7 ते 15 सेंटिमीटर व्यासाचा, उंची 3 सेंटिमीटरपर्यंत. तो डिस्कच्या पुढच्या कडेला टेकवून ठेवला तर साधारण 20 सेंटिमीटर पुढे सरकता, झाडाआड अडकलात तर तेवढंही पुरतं.

दोरीपलीकडे:
रूल्स ऑफिशियलची ऑनलाइन परीक्षा आत्ताच देऊन टाका, आमंत्रण येईपर्यंत थांबू नका. आणि सराव राउंडमध्ये पूर्ण 18 होल खेळून स्कोअर लिहीत बसू नका. प्रत्येक टीवरून दोन वेगवेगळ्या डिस्क मारा, दोरी कुठे वाकते ते वहीत काढा आणि बास्केटभोवतीचा उतार पायाने चालून पाहा. वाऱ्याची दिशा सकाळी आणि दुपारी वेगळी नोंदवा, कारण टी-टाइम कोणती मिळेल ते तुमच्या हातात नाही.