मदत हवी आहे: दूधगंगेकाठच्या पाणथळीचं तोंड बुजवू नये म्हणून काय करावं?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठावर, सदलग्याच्या खालच्या अंगाला. गावच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या जमिनीत, एक सखल तुकडा आहे. पावसाळ्यात नदी चढली की ओघळीतून पाणी आत शिरतं, दिवाळीच्या सुमारास त्याच वाटेनं माघारी जातं, आणि उन्हाळ्यात तिथं जनावरं चरतात. (२०१९ आणि २०२१ च्या महापुराची गोष्ट वेगळी, तेव्हा सगळीच मळी पाण्याखाली होती.)

आता गावात घाटतंय ते असं: ओघळीच्या तोंडावर भराव घालायचा, जेसीबीनं तुकडा खोल करून बारमाही तळं करायचं, कटला-रोहूचं बीज सोडून लिलावानं द्यायचं. गावाला उत्पन्न हवं, हे मलाही पटतं. पण ही जागा म्हणजे चढणीच्या माशांचं, पावसाळ्यात अंडी घालायला नदीतून वर चढणाऱ्या माशांचं, माहेर आहे हो!

श्रावणात तिथं गुडघाभर पाण्यात नुसतं वाकून बघा. गवताच्या बुडख्यांत नखाएवढी पिल्लं. मरळीच्या तांबूस-केशरी पिल्लांचा पुंजका हवा घ्यायला वर येतो, आणि खाली मोठी मरळ राखणीला असते. जवळ गेलं की पाणी उसळतं. नदीच्या भर धारेत एवढासा जीव तगत नाही. कार्प (रोहूसारख्या) जातीच्या माशाचं अंडं दिवसाच्या आत फुटतं, पिल्लाच्या पोटाखालची बलकाची शिदोरी तीनेक दिवसांत संपते, आणि मग त्याला पाण्यातले बारीक जीवच खायला लागतात. वाळल्या गवतावर, शेणावर उथळ कोमट पाणी चढलं की हेच जीव अमाप माजतात. शिवाय जागा उन्हाळ्यात आटते, म्हणून पिल्लं गिळणारे मोठे मासे तिथं ठाण मांडत नाहीत. बारमाही तळ्यात हे काहीच उरणार नाही. कटला-रोहू मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, कृष्णेचे नव्हेत. त्यात चिलापी (तिलापिया, परदेशी मासा) घुसली तर बघायलाच नको.

भराव टळतच नसेल तर त्यातून पाणी ये-जा करायला मोरी केवढी ठेवायला सांगू? मोरीचा तळ ओघळीच्या तळाइतकाच खाली हवा, नाहीतर पाणी ओसरताना पिल्लं आत अडकून बगळ्यांच्या तोंडी जातात, एवढं मला कळतं. रुंदीचं कुणी जाणकारानं सांगावं. तोंडाला जाळी मारू नका, हे लिलाव घेणाऱ्याला कसं पटवायचं?

दुसरं, केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ-संरक्षण नियमांतून नदीपात्र, भातशेती आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत. मळीतला असा नैसर्गिक सखल भाग मग त्यात बसतो ना? निवेदन कन्नडातच द्यावं लागेल. निपाणी, कागवाड, अथणीकडं कुणी दिलं असेल तर नमुना पाठवा.

पिल्लं न मारता फोटोवरून ओळखणारं कुणी असेल तर तेही हवंय. भोईआळीतली जाणती माणसं नावं सांगतात, पण कचेरीत नोंद लागते. तळं गायरानात दुसरीकडं काढा, असंही मी सुचवणार आहे. ग्रामसभा पावसाआधी आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.