आजारी शास्त्रज्ञाने स्वतःचा आजार व्याख्यानात सांगावा का?

कर्वेरोडकर: रविवारी मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका बाईंचं मराठी व्याख्यान ऐकलं. त्यांना स्वतःला मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) आहे. ते त्यांनी दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलं आणि मग थेट विषयाला हात घातला: 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा डिमेन्शियावरचा (स्मृतिभ्रंशावरचा) २०२४ चा अहवाल. कमी ऐकू येणं, रक्तदाब, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, हवेचं प्रदूषण, एकटेपणा असे १४ घटक आटोक्यात आणले तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. माझं मत, असं स्वतःचं दुखणं न लपवता बोलणारे शास्त्रज्ञ जास्त हवेत. लोक शेवटपर्यंत बसून होते, आणि चहा नव्हता!

शनिवारपेठी: असहमत. नारळीकरांनी खगोलशास्त्र घराघरांत नेलं, त्यासाठी त्यांना तारा व्हावं लागलं नाही. वक्त्याने आजार सांगितला की श्रोते अवघड प्रश्न विचारायला कचरतात. ४५ टक्के हा आकडा आला कुठून, हे एकाने तरी विचारलं का?

न्यूरोवाला: विचारायला हवं होतं. हा आकडा पूर्ण लोकसंख्येचा अंदाज आहे आणि हे घटक खरोखर कारणं आहेत असं धरून काढलेला. 'बीपीची गोळी घेतली, माझा धोका ४५ टक्के उतरला' असा अर्थ काढू नका. ओपीडीत रोज ऐकतो.

पाषाणची: मला एमएस आहे, म्हणून बोलते. तपासताना पाय, डोळे, लघवी सगळं विचारतात. शब्द आठवत नाही, भाजी फोडणीला टाकून मी दुसऱ्याच खोलीत उभी असते, हे कुणी विचारत नाही. एमएसच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांना असा त्रास होतो. उन्हाळ्यात तर विचारूच नका. नसांवरचं आवरण गेलेलं असतं, अंग जरा तापलं तरी संदेश अडखळतात. बाईंनी यावर दहा मिनिटं दिली. निरोगी वक्त्याने दिली असती का?

(व्याख्यान दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. आयोजकांना साष्टांग नमस्कार.)

शनिवारपेठी: लिफ्टबद्दल शंभर टक्के तुमच्या बाजूने. पण एमएसमागे एप्स्टाइन-बार विषाणू आहे हे कुणाच्या अनुभवकथनातून नाही कळलं. अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा २०२२ मध्ये दिसलं की या संसर्गानंतर धोका ३२ पट होतो. विज्ञान तिथे घडतं, व्यासपीठावरच्या हळवेपणात नाही.

पाषाणची: बरोबर. आणि ती बातमी वाचून आमच्या सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळी केली. विषाणू लाळेतून पसरतो ना! आता ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो आधीच असतो, बहुधा सासूबाईंच्याही, आणि त्यातल्या फारच थोड्यांना एमएस होतो. हे बातमीत नव्हतं. बाईंनी मात्र कुणी न विचारता सांगितलं, 'रुग्णाचं ताट वेगळं करू नका.' ३२ पट म्हटल्यावर स्वयंपाकघरात काय होतं हे त्यांना कळलं, कारण त्यांच्याही घरी कुणीतरी तसं बघितलं असणार.

शनिवारपेठी: ताटाचा मुद्दा बिनतोड. तरी माझं म्हणणं सोडत नाही. हेच वाक्य धडधाकट डॉक्टरही सांगू शकतो.

पाषाणची: सांगू शकतो. सांगत नाही.

न्यूरोवाला: एका रुग्णाला आमच्याकडे पाच-सात मिनिटं मिळतात हो. तरी टोमणा पोचला.

डेक्कनचे आजोबा: वय ७६. त्या अहवालात ऐकू कमी येण्याचा वाटा ७ टक्के, म्हणजे सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी एक, असं चिरंजीवांनी घरी आल्यावर सांगितलं. सभागृहात मला ते ऐकूच आलं नाही. बाई आजारी असोत वा ठणठणीत, माईक नीट लावा आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत मराठी द्या.

शनिवारपेठी: आजोबा, कानाचं यंत्र आहे ना तुमच्याकडे?

डेक्कनचे आजोबा: आहे. कपाटात.